शिळ्या अन्नाचा निर्णय : विनयपिटकाच्या प्रकाशात एक विचार

पालि तिपिटकात चित्त, कर्म आणि निब्बाण यांविषयी जितके लिहिले आहे, त्या मानाने अन्नाविषयी लिहिलेले थोडे आहे, असा एक समज आढळतो. विनयपिटक उघडून पाहिल्यास हा समज टिकत नाही. भात कोणी शिजवावा, कोठे ठेवावा, केव्हापर्यंत खावा, उरल्यास कोणास द्यावा, टाकावयाचा झाल्यास कोठे टाकावा, या साऱ्या प्रश्नांचा तेथे सविस्तर ऊहापोह केलेला आहे. भिक्षुसंघ हा भिक्षेवर जगणारा संघ होता. भिक्षेत आलेले अन्न ताजे असेल की शिळे, हे भिक्षूच्या हाती नव्हते. म्हणून ज्या अन्नाची वेळ टळून गेली आहे ते खावे की टाकावे, हा त्याच्यासमोर रोजचा प्रश्न होता.

हाच प्रश्न आपल्याही समाजासमोर शेकडो वर्षे होता; पण तो निराळ्या रूपाने होता. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार दोन बाजूंनी करणार आहोत. पालि वाङ्मयातील काही प्रसंग पाहून भगवंतांच्या संघाने शिळ्या अन्नासंबंधी कोणती दृष्टी ठेवली, हे आधी पाहू. त्यानंतर त्या दृष्टीचा आपल्या इतिहासाशी आणि आजच्या आपल्या विहारांतील व्यवहाराशी काय संबंध पोहोचतो, ते पाहू.

बेलट्ठसीस स्थविरांचा वाळवलेला भात

पाचित्तिय प्रकरणातील अडतिसावा नियम अन्नाचा साठा करण्याविरुद्ध आहे. त्याची निदानकथा अशी. आयुष्मान बेलट्ठसीस हे आयुष्मान आनंदांचे उपाध्याय होते. ते अरण्यात राहत. भिक्षेस गेल्यावर ते कोरडा भात घेऊन येत, तो वाळवून ठेवीत, आणि भूक लागेल तेव्हा पाण्यात भिजवून खात. त्यामुळे त्यांना गावात भिक्षेसाठी फार दिवसांनी जावे लागे. इतर भिक्षूंनी विचारले, तेव्हा त्यांनी सरळपणे सारे सांगितले. गोष्ट भगवंतांपर्यंत गेली आणि आज स्वीकारलेले अन्न उद्या खाऊ नये, असा नियम झाला.

या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्थविरांचा भात नासलेला होता, त्यास वास येत होता, अथवा तो खाऊन कोणी आजारी पडले, असे कथेत कोठेही म्हटलेले नाही. उलट अन्न वाळवून ठेवणे ही अन्न टिकविण्याची फार जुनी आणि खात्रीची रीत आहे. आपल्या घरी कुरडया, पापड, सांडगे याच रीतीने टिकतात. पूर्ण वाळलेल्या पदार्थात पाण्याचा अंश उरत नाही, म्हणून त्यात जंतूंची वाढ होत नाही. तेव्हा बेलट्ठसीसांचा भात खाण्यास बहुधा योग्यच होता. तरीही तो निषिद्ध ठरला. कारण आक्षेप भाताच्या अवस्थेवर नव्हता, साठ्यावर होता. जो भिक्षू अन्न साठवितो तो गावापासून तुटतो. रोज दारी जाऊन उभे राहणे आणि त्या निमित्ताने लोकांच्या सुखदुःखाशी जोडलेले राहणे, हे त्यास नकोसे होते. विनयाला ते मान्य नव्हते.

हीच गोष्ट दुसऱ्या संगीतीच्या वृत्तान्तावरूनही स्पष्ट होते. परिनिब्बाणानंतर शंभर वर्षांनी वेसालीच्या वज्जिपुत्तक भिक्षूंच्या दहा बाबींवर वाद झाला. त्यांतील पहिली बाब शिंगात मीठ बाळगण्याची होती. मीठ काही विटत नाही. ते वर्षानुवर्षे टिकते. तरीही शिंगातले मीठ दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला लावून घेणे हे सब्बकामी स्थविरांनी अयोग्य ठरविले आणि त्यासाठी साठ्याविषयीच्या याच नियमाचा आधार घेतला. सारांश, भिक्षूने अन्न दुसऱ्या दिवसावर ठेवू नये, या नियमाचा अर्थ ‘शिळे अन्न विषारी असते’ असा लावणे बरोबर नाही.

रट्ठपालांची भिक्षा

आता याच्या उलट प्रसंग पाहू. मज्झिमनिकायातील रट्ठपालसुत्तात तो आला आहे. कुरू देशात थुल्लकोट्ठिक नावाचे नगर होते. धान्याच्या भरलेल्या कोठारांवरून त्या नगराला हे नाव पडले, असे अट्ठकथा सांगते. तेथील एका धनाढ्य घराचा एकुलता एक मुलगा रट्ठपाल याने प्रव्रज्या घेतली. काही वर्षांनी तो भिक्षू होऊन आपल्या गावी परतला आणि भिक्षेसाठी घरोघर फिरत आपल्याच पित्याच्या दारी उभा राहिला. पित्याने त्याला ओळखले नाही. या मुंडकांनीच आपला मुलगा नेला, असे म्हणून त्याने शिव्या दिल्या. भिक्षा मिळाली नाहीच. ‘पुढे जा’ असे म्हणण्याइतकेही सौजन्य वाट्यास आले नाही.

त्याच वेळी घरातील एक दासी आदल्या संध्याकाळचा कुम्मास, म्हणजे जवाची घट्ट लापशी, बाहेर फेकण्यासाठी घेऊन आली. सुत्तात या कुम्मासाला ‘आभिदोसिक’ असे विशेषण आहे. अट्ठकथेत त्याचा अर्थ एक रात्र उलटलेला, नासलेला असा दिला आहे. आयुष्मान रट्ठपालांनी तिला ‘भगिनी’ अशी हाक मारली आणि हे टाकावयाचेच असेल तर माझ्या पात्रात घाल, असे सांगितले. घालताना तिने त्यांचे हात, पाय आणि आवाज ओळखला. तिने धावत जाऊन मालकिणीला वार्ता दिली. हे खरे असेल तर तू दासी राहणार नाहीस, असे मालकिणीने तिला वचन दिले. इकडे रट्ठपाल एका भिंतीच्या आडोशाला बसून ती लापशी खात होते. पिता तेथे आला आणि आपल्या मुलाने शिळी लापशी खावी याचे त्याला अतीव दुःख झाले. आपले घर असताना असे का, असे त्याने विचारले. तेव्हा रट्ठपालांनी उत्तर दिले की गृहत्याग केलेल्यांना घर कोठले; तुमच्या घरी आम्ही आलो होतो, तेथे दान मिळाले नाही, नकारही मिळाला नाही, मिळाला तो केवळ अपशब्द.

बेलट्ठसीसांचे अन्न बहुधा चांगले होते, तरी ते खाण्यास मनाई झाली. रट्ठपालांचे अन्न उतरलेले होते, तरी ते त्यांनी खाल्ले आणि सुत्तात त्यांना कोठेही दोष दिलेला नाही. दोन्ही प्रसंग एकत्र ठेवले की विनयाची दृष्टी उलगडते. रात्र दासीच्या मडक्यात गेली होती, भिक्षूच्या पात्रात गेली नव्हती. साठा त्यांचा नव्हता. आणि खाणाऱ्याने ते स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या शरीरापुरते, पूर्ण जाणीवपूर्वक स्वीकारले होते.

आणखी दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली गोष्ट, दासीला उद्देशून वापरलेला ‘भगिनी’ हा शब्द. घराचा वारस आपल्याच घरातील दासीला बहीण म्हणतो आणि तिच्या हातून अन्न घेतो. दुसरी गोष्ट, या शिळ्या लापशीतून त्या स्त्रीला दास्यमुक्तीचे वचन मिळाले. शिळ्या अन्नाची ही देवघेव माणसाला खाली ढकलणारी नाही. ती त्याला वर आणणारी आहे.

याच प्रकारची एक कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. पुण्णा नावाच्या दासीने कोंड्याची भाकर भगवंतांना दिली. आपली ही भाकर ते घेतील, पण पुढे जाऊन कावळ्या-कुत्र्यांना घालतील, अशी शंका तिच्या मनात आली. भगवंतांनी ती भाकर तेथेच बसून खाल्ली. अन्न हलके असेल, पण देणाऱ्याचे मन हलके नाही, हे त्यांनी शब्दांवाचून दाखविले.

कालमर्यादेचे चार वर्ग

शरीराच्या दृष्टीने अन्न केव्हापर्यंत घ्यावे, याचा विचार विनयाने केलाच नाही, असे मात्र नाही. स्वीकारलेल्या पदार्थांचे विनयात चार वर्ग पाडले आहेत. पहिला ‘यावकालिक’, म्हणजे भात, भाकरी, मासे, मांस इत्यादी. हे त्याच दिवशी मध्यान्हापूर्वी खावे. दुसरा ‘यामकालिक’, म्हणजे आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष इत्यादींची गाळलेली पेये. ही दुसऱ्या दिवशीच्या अरुणोदयापर्यंत चालतात. तिसरा ‘सत्ताहकालिक’, म्हणजे तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी वा गूळ ही पाच औषधे. ही सात दिवस ठेवता येतात. चौथा ‘यावजीविक’, म्हणजे हिरडा, सुंठ, हळद, मीठ यांसारखी द्रव्ये. ही कारण असेल तेव्हा जन्मभर वापरता येतात.

या वर्गीकरणाचा हेतू आरोग्यशास्त्र सांगण्याचा नव्हता, हे पुन्हा नमूद करतो. तथापि, पदार्थ जितका पाणीदार आणि शिजलेला, तितकी त्याची मुदत कमी. जितका कोरडा, स्निग्ध वा गोड, तितकी त्याची मुदत अधिक, असा क्रम त्यातून दिसतो. हा क्रम प्रत्यक्ष अनुभवाशी जुळतो. शिजलेला भात एका दिवसात आंबतो, फळांचा रस रात्रीतून फसफसतो, तूप व मध बराच काळ टिकतात, आणि मिठाला मुदतच नाही. जी माणसे रोज शेकडो दारांचे अन्न घेत होती, त्यांच्या निरीक्षणाचा ठसा या वर्गीकरणावर उमटलेला असावा, असे आमचे मत आहे.

सात दिवसांच्या मुदतीची कथाही बोधप्रद आहे. राजगहात आयुष्मान पिलिन्दवच्छ यांना लोक तूप-तेलाचे पुष्कळ दान देत. त्यांच्या परिवारातील भिक्षू ते मडक्यांत, घागरींत भरून ठेवीत, पिशव्यांत घालून खिडक्यांना टांगून ठेवीत. ते पाझरू लागले आणि विहारात उंदरांचा सुळसुळाट झाला. विहार पाहावयास आलेले लोक म्हणू लागले की या श्रमणांची कोठारे तर बिंबिसार राजासारखी आहेत. तेव्हा सात दिवसांची मर्यादा आली. या एका प्रसंगात साठा, अस्वच्छता आणि लोकनिंदा हे तीनही दोष एकत्र आले आहेत.

मुदत उलटलेल्या तेलातुपाचे काय करावे, याचेही उत्तर तेथेच आहे. ते संघापुढे सोडून द्यावे लागे. परत मिळाल्यावर ज्याचे त्याने ते खाऊ नये, अंगालाही लावू नये. दिव्यात जाळावे किंवा काळ्या रंगासाठी वापरावे. दुसऱ्या भिक्षूने ते अंगाला लावण्यास हरकत नाही, पण त्यानेही ते पोटात घेऊ नये. खाण्याची मुदत संपली म्हणजे वस्तूचा उपयोग संपला, असे विनय मानीत नाही. खवट तेल पोटाला नको असेल, पण दिव्याला ते चालते.

आणखी एक नियम महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात आहे. निरनिराळ्या मुदतींचे पदार्थ एकमेकांत मिसळले, तर त्या मिश्रणाला सर्वांत कमी मुदतीचा नियम लागू होतो. तूप सात दिवस चालत असेल. पण ते भातात कालवले की त्याची मुदत भाताइतकीच. कालची आमटी आजच्या आमटीत ओतणाऱ्या प्रत्येक स्वयंपाक्याने हा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ताज्याने शिळ्याला ताजेपण येत नाही. शिळ्याने मात्र ताजे शिळे होते.

याच खन्धकात दुष्काळाचाही विचार आहे. विहारात अन्न ठेवणे, विहारात शिजविणे आणि भिक्षूने स्वतः शिजविणे या तिन्ही गोष्टी निषिद्ध होत्या. राजगहात दुष्काळ पडला, तेव्हा भगवंतांनी त्यांना परवानगी दिली. पुढे वेसालीत भिक्षा सुलभ झाली, तेव्हा ती परवानगी त्यांनी मागे घेतली. नियम माणसासाठी असतो, आणि उपासमारीचा निकष सुकाळाच्या निकषाहून वेगळा असतो, हे येथे स्पष्ट होते. त्याचबरोबर, टंचाईत पत्करलेली तडजोड ही सुकाळातील रीत होऊ देऊ नये, हेही तितकेच स्पष्ट होते.

चुन्दाचे भोजन

अन्नाच्या निर्णयाचा विचार करताना महापरिनिब्बाणसुत्तातील चुन्द कम्मारपुत्ताच्या भोजनाचा उल्लेख टाळता येत नाही. पावा येथे चुन्दाने भगवंतांना ‘सूकरमद्दव’ नावाचा पदार्थ वाढला. तो कोणता, यावर प्राचीन काळापासून मतभेद आहेत. बुद्धघोष ते कोवळे वराहमांस असल्याचे सांगतात, पण गोरसयुक्त मऊ भात किंवा रसायन ही अन्य मतेही नमूद करतात. धम्मपालाच्या उदान-अट्ठकथेत डुकरांनी तुडविलेले बांबूचे कोंब किंवा तशा जागी उगवलेली अळंबी असे अर्थही आले आहेत. मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी १९४० मध्ये ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या प्रश्नाची चर्चा केली. १९८२ मध्ये वॉसन यांनी अळंबीच्या अर्थाचा पुरस्कार केला. २००० मध्ये स्वतः वैद्यकाचे शिक्षण घेतलेले थायलंडचे भिक्षू मेत्तानंदो व जर्मन पंडित फोन हिन्यूबर यांनी लक्षणांचा अभ्यास करून, हा अन्नविषबाधेचा प्रकार नसून वृद्धापकाळी आतड्यांचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा विकार असावा, असे प्रतिपादन केले. मिलिन्दपञ्हात नागसेन स्थविरांनीही हेच वेगळ्या भाषेत म्हटले आहे. तो रोग त्या अन्नामुळे नव्याने उद्भवला नाही, मुळात क्षीण झालेल्या शरीरात उद्भवलेला रोग वाढला.

या वादाचा निकाल येथे लावण्याचे प्रयोजन नाही. आमच्या विषयाच्या दृष्टीने भगवंतांचे वर्तन महत्त्वाचे आहे. सूकरमद्दव मला वाढ, संघाला इतर पदार्थ वाढ, असे त्यांनी चुन्दाला आधीच सांगितले. जेवण झाल्यावर उरलेले सूकरमद्दव खड्डा करून पुरण्यास सांगितले. ते दुसऱ्या कोणास पचणारे नाही, असे कारण दिले. दुखणे वाढल्यावर त्यांना काळजी लागली ती चुन्दाची. तुझ्या अन्नामुळे तथागत गेले, असे कोणी म्हणेल आणि चुन्दाला पश्चात्ताप होईल, म्हणून संबोधीपूर्वीचे भोजन आणि हे शेवटचे भोजन यांचे फळ सारखेच मोठे आहे, असे त्याला सांगावयास त्यांनी आनंदांना सांगितले.

यातून दोन तत्त्वे निघतात. ज्या अन्नाबद्दल शंका आहे ते दुसऱ्याच्या पानात जाऊ देऊ नये. त्याची विल्हेवाट अशी लावावी की कोणाच्याही तोंडी ते लागणार नाही. उरलेले अन्न हिरवळ नसलेल्या जागी किंवा जीवजंतू नसलेल्या पाण्यात टाकावे, असे धम्मदायादसुत्तात आले आहे, त्यामागेही हीच काळजी आहे. आणि दुसरे, शुद्ध मनाने दिलेले अन्न बाधले तरी देणाऱ्याला दोषी ठरवू नये.

मनुस्मृती, येसकर आणि महाड

आता याच्याशी मनुस्मृतीची तुलना करून पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजाने आंबलेले आणि शिळे अन्न खाऊ नये, असे सांगून दही व तेलतुपाने युक्त पदार्थ यांना अपवाद केले आहे. येथपर्यंत त्यात आरोग्याचा विचार असेल, असे म्हणता येईल. परंतु दहाव्या अध्यायात आश्रित शूद्र सेवकाला उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्याचा कोंडा आणि जुने सामान द्यावे, अशी आज्ञा आहे. आणि चांडाळांना फुटक्या भांड्यांत, परक्याच्या हातून अन्न मिळावे, असेही विधान आहे. जे एकाच्या शरीराला वर्ज्य, तेच दुसऱ्याच्या शरीराला विहित! अन्नाची अवस्था तीच. बदलला तो फक्त खाणारा. अन्नाच्या निर्णयात अन्नाची तपासणीच नाही, जातीची तपासणी आहे.

या विधानाचे प्रत्यक्ष रूप म्हणजे महाराष्ट्रातील गावगाडा. गावकामाच्या मोबदल्यात बलुते आणि दारोदार फिरून भाकरीचे तुकडे, ही महारांची वहिवाट होती. येसकराच्या टोपल्यात सकाळची भाकरी, काल रात्रीची भाकरी, कोणाच्या ताटातले उष्टे, असे सारे एकत्र येई. महावग्गातील मिश्रणाचा नियम लावला तर ते सर्वच शिळे. लग्नकार्यातील पत्रावळींवरचे अन्न, मेलेल्या जनावराचे मांस, हेही त्याच व्यवस्थेचे भाग. मेलेले जनावर कशाने मेले, हे विचारण्याची सोय नव्हती. मांसाच्या चान्या उन्हात वाळवून ठेवणे, वाळलेले तुकडे पाण्यात शिजविणे, ही कौशल्ये आपल्या आयाबायांनी या सक्तीतून कमावली. कोणते अन्न पोटाला सोसेल आणि कोणते नाही, याचे ज्ञान त्यांना कोणत्याही वैद्याइतके होते. पण निर्णय करण्याचा अधिकार त्यांना नव्हता; कारण समोर दुसरे अन्नच नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाणे सोडा, फेकलेले तुकडे घेणे सोडा, असा जो उपदेश केला, त्याचे महत्त्व ध्यानात येते. चवदार तळ्याचे पाणी घेण्याचा हक्क आणि शिळे-उष्टे नाकारण्याचा हक्क हे एकाच परिषदेत उच्चारले गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. पुढे बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात प्रयत्न केले. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. १९४८ मधील ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उत्पत्तीशी मृत गाईच्या मांसाचा संबंध जोडून दाखविला आहे.

काही टीकाकार असे म्हणतात की बाबासाहेबांनी शिळे टाकावयास सांगितले, तर रट्ठपालांनी शिळे मागून घेतले. मग यात विसंगती नाही काय? आमच्या मते येथे विसंगती नाही. रट्ठपालांच्या पाठीमागे भरलेली कोठारे होती. त्यांनी ती सोडली आणि लापशी निवडली. गावकुसाबाहेरच्या माणसाला निवडच नव्हती. त्याला ‘भगिनी’ वा ‘बंधू’ म्हणून कोणी वाढले नाही, वरून टाकले. तेच शिळे अन्न एकाच्या हाती त्यागाचे चिन्ह होते, दुसऱ्याच्या हाती गुलामगिरीचे. ज्याला नाकारता येते, त्याच्याच स्वीकाराला अर्थ असतो. बाबासाहेबांनी प्रथम नाकारण्याचा अधिकार मिळवून दिला.

नाक पुरेसे नाही

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोन वेळचे ताजे अन्न आहे, शीतपेटीही आहे. तरीही जुन्या भुकेची आठवण आपल्या हातून अन्न टाकू देत नाही. आमटीला आंबूस वास आला की पुन्हा एक उकळी द्यावी, भाकरीवर बुरशी आली की तेवढा भाग काढून उरलेला खावा, असे आपण अजूनही करतो. अन्नाचा मान राखणे हा चांगला संस्कार आहे. पण येथे नव्या ज्ञानाची भर घालणे आवश्यक आहे.

अन्नाला वास आणणारे, तार सोडणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू हे नेहमी एकच नसतात. त्यामुळे वास चांगला असूनही अन्न बाधक असू शकते. भाताचेच उदाहरण घ्या. तांदळात असणाऱ्या एका जंतूची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. भात पुन्हा गरम केला तर जंतू मरतात, पण ते विष नष्ट होत नाही. म्हणून ‘उकळी दिली की झाले’ हा समज चुकीचा आहे. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये; ठेवणे असल्यास ६० अंश सेल्सियसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

बुरशीचेही तसेच. दिसणारी बुरशी वरवरची असते; तिचे तंतू मऊ पदार्थात खोल गेलेले असतात. काही बुरशींचे विष यकृतावर घाला घालते. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी भागात अवकाळी पावसाने भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली. त्यांना मक्याची बुरशी दिसत नव्हती, असे नाही. घरात दुसरे धान्य नव्हते. शिळ्या अन्नाचा प्रश्न अखेरीस कोठे जाऊन पोहोचतो, हे या घटनेवरून दिसते. अज्ञान उपदेशाने दूर होते, पण दारिद्र्य उपदेशाने दूर होत नाही.

बांधीव पदार्थांवरील दोन प्रकारच्या तारखांतही भेद करावयास हवा. ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ ही तारीख मुख्यतः चव व दर्जा यांविषयी असते. ती उलटली म्हणजे नीट ठेवलेला पदार्थ लगेच घातक होतो, असे नाही. ‘अमुक तारखेपर्यंत वापरावे’ ही तारीख मात्र सुरक्षिततेची मर्यादा होय. ती उलटल्यावर नाकावर वा जिभेवर भरवसा ठेवून पदार्थ खाऊ नये.

उपसंहार

धम्मचक्र प्रवर्तन दिनी, वैशाख पौर्णिमेस, ६ डिसेंबरला आपले कार्यकर्ते ठिकठिकाणी हजारो लोकांना भोजनदान करतात. रात्री शिजविलेला भात दुपारपर्यंत वाटला जातो. कालचे उरलेले आजच्यात मिसळले जाते. झाकणाखाली अन्न कोमट राहते. दूरवरून आलेल्या माणसाला ‘हे केव्हा शिजविले?’ असे विचारण्याचा संकोच वाटतो. अशा वेळी विनयाचे नियम केवळ भिक्षूंसाठी आहेत, असे समजून चालणार नाही. वाटता येईल तेवढेच थोड्या थोड्या वेळाने शिजवावे. प्रत्येक भांड्यावर शिजविल्याची वेळ लिहावी. जुने नव्यात मिसळू नये. उरलेले चांगले असेल तर ते त्याच दिवशी, वेळेत गरजूंना द्यावे. वेसालीत संघाला पुष्कळ खाद्य मिळाले, तेव्हा भगवंतांनी आनंदांना तसेच करावयास सांगितले होते. आणि शंका असेल तर चुन्दाच्या भोजनासारखे ते पुरून टाकावे. ‘गरिबाला चालेल’ असे म्हणून ते पुढे सरकवू नये. आपण जे आपल्या मुलाला वाढणार नाही ते दुसऱ्याच्या पात्रात घालणे, ही मनुस्मृतीची रीत आहे.

शिळे अन्न खावे की टाकावे, याचा निर्णय करताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. ते शरीराला सोसेल काय? ते कोणी साठविले आणि कशासाठी? आणि ते कोणाला, कोणत्या भावनेने दिले जात आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजचे विज्ञान देईल, दुसऱ्याचे बेलट्ठसीसांच्या कथेत आहे, आणि तिसऱ्याचे उत्तर थुल्लकोट्ठिकच्या त्या दारात आणि महाडच्या परिषदेत मिळते. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळू न देणे, हीच या बाबतीतील सम्यक् दृष्टी होय, असे आम्हांस वाटते.